बऱ्हाणपूर: एका रविवारी एकच काठ

तापीकाठ

रावेर-सावद्याकडच्या माणसाला तापीकाठचं बऱ्हाणपूर नवं नाही. बस्त्याला जातो, पाहुण्यांकडे जातो, येताना दराब्याची मिठाई नाहीतर मावा जिलेबी बांधून आणतो. पण शहर बघायला म्हणून निघालं की बहुतेक घरांत एकच प्रकार चालतो. सकाळी गाडी काढायची, शाही किल्ला, जामा मशीद, कुंडी भंडारा, दर्गा-ए-हकीमी, जमलं तर असीरगडही, आणि रात्री जेवायला घरी. पोरं मागच्या सीटवर झोपलेली, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे धरलेले. आठ दिवसांनी विचारलं तर लक्षात राहते ती फक्त जिलेबी.

आम्ही दोन-तीन घरांनी मिळून हे बंद केलं. आता एका रविवारी एकच काठ बघायचा आणि दुपारच्या उन्हाच्या आत परत निघायचं. हे गाव पाण्यामुळे वसलं आणि पाण्यामुळेच टिकलं, तेव्हा ते पाण्याच्या अंगानेच बघावं, असं माझं मत झालंय. धागा त्यासाठीच काढला.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय काठ समजत नाही. खान्देशच्या फारुकी सुलतानांचं मूळ ठाणं तापीवरच, पण खाली थाळनेरला. १४०० च्या सुमारास नसीर खान फारुकीने वर इथे हे शहर वसवलं आणि त्याला सूफी संत शेख बुऱ्हाणुद्दीन यांचं नाव दिलं. नदीच्या पल्याड शेख झैनुद्दीन यांच्या नावाने झैनाबाद. म्हणजे पहिल्यापासूनच नदी मधोमध धरून मांडलेली वस्ती. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, फारुकी संपले, आणि बऱ्हाणपूर मोगलांचं दख्खनेतलं मोठं ठाणं झालं.

पहिल्या रविवारी राजघाट. शक्यतो उन्हं वर यायच्या आत पोचा. नदीच्या पात्रात खडकातून घडवलेला दगडी हत्ती आहे. पाणी उतरलेलं असलं की अख्खा दिसतो, पावसाळ्यात पाण्याखाली जातो. आमच्यातल्या एका पोराने घाटाच्या पायरीवर बसून त्याचं चित्र काढलं आणि मग विचारलं, 'हा इथे कुणी ठेवला?' ठेवलेला नाही, जागेवरच कोरलेला आहे, हे त्याला पटेना. मग जवळ जाऊन सगळ्यांनी बघितलं. पायाकडे हत्ती कुठे संपतो नि खडक कुठे सुरू होतो हे बोट लावून शोधण्यात पोरांचा बराच वेळ गेला. अशा वेळी मोठ्यांनी घाई करू नये.

घाटावरून मान वर केली की शाही किल्ल्याची भिंत. किल्ल्यात हमामखाना आवर्जून बघा. छतावर रंगीत नक्षीकाम अजून टिकून आहे. तोही शेवटी पाण्याचाच भाग, म्हणून आम्ही तो राजघाटाला जोडून घेतो. बाकी किल्ल्यात पडझड बरीच आहे. गच्चीवरून मात्र तापीचं वळण आणि पल्याडचं झैनाबाद एका नजरेत येतं. तिथून हात करून मुलांना पुढचा रविवार दाखवून ठेवायचा.

तो पुढचा रविवार म्हणजे झैनाबादचा आहुखाना. शहाजहान दख्खनच्या मोहिमेवर असताना १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली. तिला आधी इथे, नदीपल्याडच्या बागेत पुरलं होतं आणि त्याच वर्षाच्या शेवटी आग्र्याला नेलं. आज तिथे पडकी इमारत, बारादरी आणि कोरडा हौद एवढंच आहे. पाट्या-बिट्यांची अपेक्षा ठेवू नका. जागा बघायची असेल तर जा, फोटोसाठी जाल तर निराश व्हाल.

बाकीच्यांनी आपापले काठ सांगा.

सावद्याची_सून

तुमची पद्धत मला पटली, पण तुम्ही पुरुष मंडळी एक गोष्ट कधी लिहीत नाही. सासूबाई आणि तीन वर्षांची लेक बरोबर असली की पहिला प्रश्न घाट कोणता हा नसतो, बाथरूम कुठे हा असतो. आम्ही आधी दर्गा-ए-हकीमीला जातो. बोहरी समाजाचं हे ठिकाण इतकं स्वच्छ आणि सावलीचं आहे की म्हाताऱ्या माणसांना तिथे निवांत बसवता येतं. बाग आहे, पाणी आहे, पोरीला पळायला जागा आहे. पवित्र जागा आहे तेव्हा डोकं झाकून, आवाज सांभाळून राहायचं, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवायचं.

घाटावर जायचं तर सासूबाईंना घेऊन आम्ही वरच्याच पायऱ्यांवर थांबतो. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. त्यांना खाली जायचा आग्रहच करू नये. त्या वरून हात जोडतात आणि त्यांना तेवढं पुरतं. तापी सूर्यकन्या, तिचं नुसतं स्मरण केलं तरी पुण्य, असं त्या म्हणतात.

डबा घरूनच न्या. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. बाहेरचं खायचं ते गोड. मावा जिलेबी गरम असताना तिथेच खावी, बांधून आणली की मऊ पडते. दराबा मात्र आणावा, तो टिकतो.

पल्ल्याड

मी बऱ्हाणपूरचाच. घरात मराठी, शाळा हिंदीत, बाजारात दोन्ही. आमच्या गावाबद्दल कुणी मराठीत एवढ्या आपुलकीने लिहिलं की बरं वाटतं. जिल्हा मध्य प्रदेशात असला तरी आमचं सोयरसंबंधाचं गणगोत रावेर, यावल, मुक्ताईनगरकडेच आहे.

राजघाटाबरोबर नागझिरी घाट आणि सतियारा घाटही बघा. राजघाटाला बाहेरचे लोक येतात, सतियाराला गावातले. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव असतो. त्या दिवशी काठावर गर्दी असते, नदीला चुनरी अर्पण करतात. गर्दी चालत असेल तर तो दिवस धरा, लहान मुलं असतील तर टाळा.

आणि गुरुद्वारा विसरू नका. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये नांदेडला जाताना इथे थांबले होते. बडी संगत गुरुद्वाऱ्यात लंगरला बसा. मुलांना पंगतीत सगळ्यांबरोबर जेवायची सवय लागते.

जामा मशिदीत एक गोष्ट दाखवतो मी पाहुण्यांना. १५९० च्या सुमाराची मशीद, फारुकी सुलतान राजा अली खानाच्या काळातली. आत अरबीबरोबर संस्कृतातला शिलालेख आहे. संवत्, शके, तिथी, सगळं आपल्या पंचांगाप्रमाणे कोरलेलं. नमाजाची वेळ सोडून जा, विचारून आत जा, लोक प्रेमाने दाखवतात.

पांझरेकर

झकास लिखेल शे भाऊ. पण आम्ही धुळ्याकडच्यांनी एवढं लांब कशाला यायचं? तापी आमच्याकडेही आहेच की. मुडावदला पांझरा तापीला मिळते, तिथलं कपिलेश्वर मंदिर आहे. पुढे नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा, दक्षिण काशी म्हणतात ते, तिथे गोमाई येऊन मिळते. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तापीच्याच काठी भरते, दत्तजयंतीच्या सुमाराला. आणि तुम्हीच थाळनेरचं नाव घेतलंत. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर किल्ल्याचे अवशेष आहेत आणि फारुकींच्या कबरी आहेत. त्यातली एक अष्टकोनी आणि कोरीव कामाने भरलेली. ज्याला बऱ्हाणपूर समजून घ्यायचंय त्याने आधी थाळनेर बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ गाव सोडून नव्या बंगल्याचं कौतुक करण्यासारखं आहे हे.

तापीकाठ

पांझरेकर, मान्य. थाळनेर आधी बघितलं तर बऱ्हाणपूरची भव्यता कुठून आली ते जास्त कळेल. पण थाळनेरला पोरांना दोन तास रमवायला काय आहे ते तुम्ही सविस्तर लिहा, इथे कुणीच लिहिलेलं नाही. शहर आणि गाव यांत फरक आहे. बऱ्हाणपुरात काठावरून उठलं की पाच मिनिटांत बाजार, वेशी, हातमाग-यंत्रमागाच्या गल्ल्या लागतात. मित्रांच्या घोळक्यात कुणाला इतिहास नको असतो, त्याला गल्लीतला चहा चालतो. सगळ्यांची सोय होते.

गडवाट

मराठी माणसाने बऱ्हाणपूरला जाऊन राजा की छत्री न बघता यावं याचं मला खरंच वाईट वाटतं. शहराबाहेर, मोहना नदी तापीला मिळते त्या संगमावर ही छत्री आहे. मिर्झाराजे जयसिंग यांची. १६६५ चा पुरंदरचा तह ज्यांनी महाराजांशी केला तेच. महाराज आग्र्याहून निसटल्यावर मिर्झाराजांवरची औरंगजेबाची मर्जी उडाली, दख्खनचा सुभा काढून घेतला गेला आणि परत जाताना १६६७ च्या ऑगस्टमध्ये ते बऱ्हाणपुरात वारले. आपल्या पुस्तकांत ते तहाच्या पानावर येतात आणि आग्र्यानंतर दिसेनासे होतात. त्यांचा शेवट आपल्या खान्देशात, तापीच्या काठावर झाला हे आपल्याच मुलांना कुणी सांगत नाही.

छत्री खांबांवर उभी, चहूबाजूंनी मोकळी. कळस-घुमटांची घडण राजपूत पद्धतीची. बसायला गार दगड, समोर दोन्ही नद्या. हिवाळ्यात सकाळी दहाच्या आत गेलात तर कुणीच नसतं. आम्ही मित्रमंडळी तिथे पुरंदरच्या तहाची कलमं मोठ्याने वाचतो, तेवीस किल्ल्यांची नावं पोरांकडून म्हणवून घेतो.

आणखी एक. १६८१ च्या सुरुवातीला, राज्याभिषेक होऊन थोडेच दिवस झाले असताना, संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर मारलं. पेठा लुटल्या, त्यातली मोठी बहादूरपुरा. ते बहादूरपूर आजही शहराला लागून आहे. तिथून गाडी जाताना मुलांना एवढं तरी सांगा.

थोरल्या बाजीरावांची समाधी रावेरला आहे असं समजून काही लोक आमच्याकडे फोन करतात. ती नर्मदेकाठी रावेरखेडीला. रावेर वेगळं.

विहीरवाला

कुंडी भंडाऱ्याबद्दल मी लिहितो, कारण माझा धंदा विहिरी-बोअरचा आणि मला तिथे जे दिसतं ते सहसा सांगितलं जात नाही.

नदी इतकी जवळ असताना जमिनीखालून पाणी आणायची गरज का पडली? शहरात फौज, सराया, कारखाने, आणि शत्रूने नदीत विष कालवलं तर? म्हणून बंदिस्त पाणी हवं होतं. १६१५ च्या सुमाराला, जहांगीरच्या काळात, अब्दुल रहीम खानखाना इथे सुभेदार असताना हे काम झालं. दोहे लिहिणारे रहीम तेच. सातपुड्यात पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खालून तापीकडे सरकतो. तो वाटेतच अडवायचा आणि भुयारातून शहराकडे वळवायचा. भुयाराला बेताचा उतार दिलाय, म्हणून पंप नाही, मोट नाही, पाणी आपोआप वाहतं. वरून ठरावीक अंतरावर ज्या विहिरी दिसतात त्या कुंड्या. शंभराहून अधिक आहेत. त्यांतून हवा जाते, उजेड जातो आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. इराणात यालाच कनात म्हणतात. आपल्याकडे औरंगाबादच्या नहरी याच जातीच्या.

खाली उतरायला लिफ्ट बसवलेली आहे. ती चालू आहे का ते आधी चौकशी करून मगच जा, नाहीतर मुलांचा हिरमोड होतो. आत घोट्यापासून पोटरीपर्यंत पाणी, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. पाण्यातला चुना वर्षानुवर्षं भिंतीला धरत गेलाय. बघायला सुंदर आहे, पण त्यानेच वाट अरुंद होते आणि झरे बुजतात. हात लावून बघा, दगडापेक्षा खरखरीत लागतो. पाणी गार आणि नितळ.

याच्यावर खरा घाला आजूबाजूच्या बोअरचा आहे. केळीचा पट्टा आहे, प्रत्येकाला पाणी पाहिजे, मलाही धंदा पाहिजे. पण जी पाण्याची पातळी चारशे वर्षं या भुयाराला पुरली ती खाली गेली की भुयार कोरडंच पडणार, त्याला दुसरा स्रोत नाही. २०२४ मध्ये ते युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलंय. यादीने पाणी येत नाही. वरच्या अंगाला पाणी मुरवायला पाहिजे, बांध घालायला पाहिजेत, त्या भागात नवे बोअर थांबवायला पाहिजेत. मी स्वतः कुंड्यांच्या ओळीजवळचं काम घेत नाही. बाकीच्या बोअरवाल्यांनाही तेच सांगतो.

मुलांना घेऊन जाल तर आत उतरायच्या आधी वरून कुंड्यांची ओळ चालत बघा. एका कुंडीपासून दुसरी, तिथून तिसरी. मग खाली उतरल्यावर त्यांना आपोआप कळतं की वरचा उजेडाचा गोल म्हणजे कोणती कुंडी.

फैजपूरची_बाई

विहीरवाले दादा, फार चांगलं लिहिलंत. मी सातवीला भूगोल शिकवते, 'भूजल' हा धडा आता तिथेच घेईन म्हणते.

मला सांगायचंय ते पावसाळ्याबद्दल. श्रावणात सगळे महल गुराडाला पळतात. उतावळी नदीवर बांध घातलेला आहे, दोन्ही काठांवर समोरासमोर मोगल काळातले महाल, आणि बांधावरून पाणी खाली कोसळतं. शहाजहानच्या आवडत्या गायिकेसाठी, गुलआरासाठी, ते बांधले असं सांगतात. दृश्य खरोखर बघण्यासारखं आहे. पण बांधावर उभं राहून सेल्फी काढणारी पोरं बघितली की माझ्या अंगावर काटा येतो. वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असताना लोंढा येतो. शेवाळलेल्या दगडावर एकदा पाय सरकला की माणूस हाती लागत नाही. आमचा नियम असा की मुलांनी पाण्यापासून लांब, महालाच्या बाजूला बसायचं, आणि प्रत्येक दोन मुलांमागे एक मोठं माणूस, ज्याने मोबाइल खिशातून काढायचा नाही. घाटांनाही हाच नियम. तापी वरून संथ दिसते, डोह कुठे आहे ते काठावरून कळत नाही. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय कुणी पाण्यात उतरू नये, पोहता येत असलं तरी.

उतावळीच्याच काठावर, शहराजवळ, रहीम यांच्या मुलाची, शाहनवाज खानाची कबर आहे. काळा ताजमहाल म्हणतात लोक. पाणी नको असेल त्या पावसाळी रविवारी ती बघा. पायऱ्या चढायला सोप्या, आत गारवा, भिंतीवर रंगकाम.

जळगावकर_मेहरूण

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आमच्याकडे रविवार म्हणजे मेहरूण तलावाला चक्कर आणि शेवभाजी, फार तर पद्मालय. आता प्रश्न असा की आम्ही दोन कुटुंबं, त्यात आई-बाबा सत्तरीचे, मुलं दहा आणि सहा. गाडी एकच आहे, सगळे मावत नाहीत. डिसेंबरात यायचंय. रेल्वेने जमेल का? आणि येताना चांगदेव जोडता येईल का?

तापीकाठ

रेल्वेनेच या. भुसावळ-खंडवा मार्गावर रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर. भुसावळ सुटलं की थोड्याच वेळात गाडी तापी ओलांडते, मुलांना त्या पुलासाठी खिडकीजवळ बसवा. आणि सांगून ठेवा की पाणी उलट, बऱ्हाणपूरकडून आपल्याकडे येतंय. पुलानंतर दोन्ही बाजूंना केळीच केळी. मुक्कामाची सोय नसेल तर सकाळची गाडी धरून संध्याकाळच्या गाडीने परत फिरता येतं, वेळा त्या आठवड्यात एकदा तपासून घ्या, बदलत असतात.

स्टेशन जुन्या शहरापासून थोडं बाजूला, लालबागकडे आहे. कुंडी भंडाराही त्याच अंगाला. म्हणून उतरल्यावर रिक्षा करून आधी कुंडी भंडारा. आई-बाबांना खाली उतरवायचा हट्ट नको, त्यांना वर सावलीत बसवा. तिथून राजघाट आणि किल्ला, बस्स. जेवण सोबत. आहुखाना, छत्री, असीरगड पुढच्या खेपेला. असीरगड शहरापासून वीसेक किलोमीटर लांब आणि चढाचा, त्याला वेगळा दिवसच पाहिजे.

चांगदेव त्याच दिवशी जोडू नका. तो स्वतंत्र रविवार आहे, मुक्ताईनगरकडून. तापी-पूर्णेचा संगम, हेमाडपंती घडणीचं कोरीव मंदिर, पलीकडे मेहूण आणि कोथळीला मुक्ताई. ज्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहून पाठवल्या त्यांचं हे ठिकाण, आई-बाबांना बऱ्हाणपूरपेक्षा हेच जास्त आवडेल. डिसेंबरात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर बाहेरगावचे पक्षी उतरलेले असतात, दुर्बीण असेल तर घ्या. नावेत बसणार असाल तर आधी लाइफ जॅकेट मागा, नसेल तर काठावरच बसा.

सावद्याची_सून

डिसेंबरात येताय तर चांगदेवच्या दिवशी दुपारी सावद्याला आमच्या मळ्यात थांबा. भरिताची वांगी तेव्हा जोरात असतात. काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वरून कच्चं तेल आणि कांद्याची पात. किती माणसं ते दोन दिवस आधी इथेच लिहा, म्हणजे पुऱ्यांचं पीठ तेवढं मळता येईल.

जळगावकर_मेहरूण

ताई, आठ माणसं. वांगी आम्ही जळगावहून घेऊन येतो, तुम्ही फक्त काड्या आणि बडगी तयार ठेवा.

सावद्याची_सून

वांगी नका आणू, मळ्यातलीच काढू. येताना कुणी पहिल्या रविवारी बऱ्हाणपूरला जाणार असेल तर अर्धा किलो दराबा तेवढा आणा, सासूबाईंसाठी.